डेझर्ट कॅम्पिंग किट : ३१ वस्तू, आणि गळका निघाला तो नेमका पाण्याचा कॅन

तीन रात्री वाळवंटात काढून परवा परत आलोय, कानातून अजून वाळू निघतेय, पण हा रिव्ह्यू लिहायचाच हे दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला ठरलं होतं म्हणून आधी हेच काम. ऑनलाइन घेतलेलं चार माणसांचं डेझर्ट कॅम्पिंग किट आहे. कंपनीचं नाव घेत नाही, त्यांच्याशी माझी मेलवर झकाझकी अजून चालू आहे आणि तसंही या टाइपची किट सगळीकडे सारखीच दिसतात, खाकी बॅग, वर उंटाचं चित्र आणि "३१ इन १" असा मोठा शिक्का. त्या ३१ मध्ये बँडेजच्या पट्ट्या सुट्या सुट्या मोजल्यात हे बॅग उघडल्यावर कळतं.

आम्ही चौघं. मी, दादा, वहिनी आणि दादाचा मित्र, ज्याची फोर बाय फोर होती आणि जो आधी चार-पाच वेळा वाळवंटात राहून आलेला. हे आधीच सांगते कारण तो नसता आणि आम्ही नुसत्या किटच्या जिवावर गेलो असतो तर मी हे इतक्या हसत लिहीत बसले नसते. सीझन थंडीचा, दुपारी तिशीच्या वर आणि पहाटे पाच-सहा डिग्री. भर उन्हाळ्यात जायचा विचार पण करू नका, अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीत जुलै १९१३ मध्ये हवेचं तापमान ५६.७ नोंदलं गेलंय आणि जमीन त्याहून कितीतरी जास्त तापते, तिथेच १९७२ मध्ये जमिनीचं ९३.९ भरलं होतं. अशा जमिनीवर टेंट टाकून झोपणार कोण.

तर पाणी. किटमधली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात मिरवलेली वस्तू म्हणजे घडी होणारा २० लिटरचा प्लॅस्टिक कॅन, खाली तोटी असलेला. आमचा हिशोब साधा होता, माणशी दिवसाला चार लिटर, चार माणसं, चार दिवस म्हणजे ६४, आणि गाडी कुठे रुतून बसली तर म्हणून एक दिवस जादा धरून ८०. चार लिटर हे पण कमीत कमी बरं का, उन्हात चालायला लागलं की तासाला एक लिटर घाम सहज जातो आणि हवा इतकी कोरडी की तो घाम दिसतच नाही, अंगावरच उडून जातो, नुसतं मीठ पांढरं दिसतं टोपीच्या कडेला. तर ८० पैकी २० या कॅनमध्ये, ४० दोन कडक जेरीकॅनमध्ये आणि उरलेलं बाटल्यांत.

पहिल्या रात्री झोपताना हा कॅन टेंटच्या बाजूला आडवा ठेवला कारण आडवा ठेवल्याशिवाय तोटीतून धार येत नाही, डिझाइनच तसं आहे. पहाटे उठून बघते तर कॅन अर्ध्यावर बसलेला, गाल आत गेलेल्या म्हाताऱ्यासारखा, आणि खाली परातीएवढी वाळू काळी पडून कडक झालेली. त्यावर मुंग्यांची रांग आणि दोन काळे किडे डोकं खाली घालून निवांत पाणी पितायत. त्यांची मजा झाली. दादाच्या मित्राने तोटी उघडून वॉशर काढला तर वॉशरखाली वाळूचे चार-पाच कण, बस एवढंच, नखावर मावतील एवढे. तेवढ्या फटीतून रात्रभर थेंब थेंब गेलं, आठ लिटर तरी गेलं असेल, म्हणजे जो एक दिवस जादा धरला होता त्याचं निम्मं पाणी एका रात्रीत संपलं. वाळवंटासाठी बनवलेल्या कॅनला वाळू चालत नाही!! यावर काय बोलायचं.

बाकीचं पाणी वेगळ्या भांड्यांत होतं म्हणून वाचलो. एवढी एक गोष्ट या रिव्ह्यूमधून उचला, पाणी कधीच एका भांड्यात ठेवू नका, भांडं कितीही महाग असो, आणि थोडं गाडीत थोडं टेंटपाशी असं वाटून ठेवा. आणि हो, त्या कॅनमधल्या पाण्याला दुपारनंतर नवीन चपलेचा वास येतो. पिऊन काही झालं नाही पण वासामुळे माणूस कमी पितो आणि तेच नको असतं.

आता किटवाल्यांनी पाण्याच्या नावाखाली अजून काय दिलंय बघा. एक फिल्टरची स्ट्रॉ. म्हणजे डबक्यात तोंड घालून ओढायची ती. दादा पहिल्या संध्याकाळी टेकडीवर उभा राहून चारी बाजूला बघत म्हणाला, ताई सांग, कुठे लावू ही? डबकं असलं तरी ते बरेचदा खारं असणार आणि असली स्ट्रॉ जंतू अडवते, मीठ अडवत नाही. शिवाय एक प्लॅस्टिकची शीट आणि कागदावर चित्र, खड्डा खणा, शीट अंथरा, मध्ये दगड ठेवा, खाली भांड्यात पाणी जमेल. आम्ही हौस म्हणून केलं. दोघांनी पाऊण तास खणलं, सगळे घामाघूम, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत भांड्यात दोन घोट जमलेले, त्यात एक माशी. खणताना जेवढा घाम गेला त्याचा पाव भाग पण वसूल नाही. ही वस्तू किटमध्ये असण्याने नुकसानच आहे कारण माणसाला वाटतं पाणी कमी नेलं तरी सोय आहे. सोय नाहीये.

ओआरएसची पाकिटं दोन. चार माणसांना दोन. दुसऱ्या दुपारी वहिनीचं डोकं दुखायला लागलं, मळमळ, चिडचिड, आणि ती तर सगळ्यात जास्त पाणी पीत होती सकाळपासून. पण खाल्लं काही नव्हतं, नुसतं पाणी वर पाणी. घामातून मीठ पण जातं आणि मग नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम अजून खाली येतं, हे आमच्या डोक्यातच नव्हतं. तिला सावलीत आडवं केलं, बूट काढले, मानेवर ओला रुमाल आणि एक पाकीट एक लिटरमध्ये कालवून हळूहळू पाजलं, तासाभरात बाई परत आम्हाला रागवायला लागल्या तेव्हा जीव भांड्यात पडला. पाकिटं संपली तर एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ, हे पाठच करून ठेवा, मीठ अंदाजाने जास्त टाकू नका. आणि माणूस जर असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या जायला लागला, अंग चटका बसेल इतकं तापलं, तर तो उष्माघात आहे, शरीराचं तापमान ४० च्या वर गेलेलं असतं, तिथे ओआरएस कालवत बसायचं नाही, पाणी अंगावर ओता, वारा घाला आणि ओततच दवाखान्याकडे निघा. पिण्याचं पाणी वाया जाईल हा विचार त्या वेळी करायचा नसतो. किटच्या पुस्तिकेत उष्माघातावर एक ओळ आहे, "सावलीत विश्रांती घ्या". बस.

पुस्तिकेवरून आठवलं. चोवीस पानं आहेत आणि त्यातलं टेंट कुठे लावावा हे पान बघून दादाचा मित्र अक्षरशः ओरडला. चित्रात कोरड्या ओढ्याच्या पात्रात टेंट, खाली लिहिलंय वाऱ्यापासून आडोसा मिळतो. अरे बाबांनो, आडोसा मिळतो पण पाऊस पन्नास किलोमीटर लांब डोंगरात पडला आणि तुमच्या डोक्यावर चांदणं असलं तरी लोंढा त्या पात्रातूनच येतो. तापून कडक झालेली जमीन पाणी पटकन पीत नाही, सगळं वाहून खाली येतं. १५ सेंटिमीटर वाहतं पाणी उभ्या माणसाला पाडतं, ३० मध्ये छोटी गाडी तरंगायला लागते, ६० मध्ये आमच्यासारखी मोठी गाडी पण जाते. आम्ही पात्रापासून लांब, थोडं उंचावर, कडक जमिनीवर टेंट लावला, वारा लागला पण झोप लागली. हे एक पान फाडून टाकलं तर किटची किंमत वाढेल असं माझं मत आहे.

टेंट त्याच किटमधला, ठीक आहे, चेन चांगली आहे पण रोज रात्री ब्रशने वाळू झाडावी लागते नाहीतर दात अडकतात. टेंटच्या दोऱ्या जमिनीत रोवायचे पेग मात्र नुसते शोभेचे. सुतळीएवढ्या जाडीच्या तारा, कुंडीतून कोथिंबीर उपटावी तशा वाळूतून वर येतात. पहिल्या संध्याकाळी वारा सुटला आणि मी आत बॅगा लावत असताना टेंट माझ्यासकट सरकायला लागला, बाहेर तिघं हसतायत आणि मी आतून दारं शोधतेय. आता गंमत ऐका, किटमध्ये चार रिकाम्या कापडी थैल्या होत्या, वर काही लिहिलेलं नाही, आम्हाला वाटलं मोजे ठेवायला असतील, वहिनीने एकीत खरंच टूथब्रश ठेवले होते. त्या निघाल्या वाळूचे अँकर! थैली वाळूने गच्च भरायची, दोरी बांधायची, हात-दीड हात खोल खड्ड्यात आडवी पुरायची आणि वरून पायाने चोपून बसवायची. एकदा पुरल्या की टेंट तीन दिवस हलला नाही, चौघांनी ओढून बघितलं. किटमधली सगळ्यात हुशार वस्तू आणि पुस्तिकेत तिच्याबद्दल एक शब्द नाही. हे लोक स्वतःचं किट घेऊन कधी बाहेर झोपलेत का असा प्रश्न पडतो.

यूव्ही म्हणजे अतिनील किरणांची टॉर्च ही मला आधी फालतू वाटली होती, माफी मागते. विंचू यूव्ही उजेडात चमकतो, त्याच्या कवचातच तसले घटक असतात, आणि कसा चमकतो म्हणजे रेडियमच्या काट्यांसारखा हिरवट निळा. दुसऱ्या रात्री झोपायच्या आधी मी सहज टॉर्च फिरवली तर दादाच्या बुटापासून वितभर अंतरावर एक छोटासा हिरवा आकडा, शेपूट वर, अजिबात हलत नाहीये. साध्या टॉर्चमध्ये तोच वाळूच्या रंगाचा, डोळे फोडून बघितलं तरी दिसेना. दादा त्या रात्री झोपला असं मला वाटत नाही. तेव्हापासून बूट टेंटच्या आत, पिशवीत तोंड बांधून, आणि सकाळी तरीही उलटे करून आपटायचे. रात्री बाहेर जाताना चप्पल नाही, बंद बूट.

आणि याच किटमध्ये सापाच्या विषासाठी सक्शन पंप आहे, पिवळ्या डबीत, एकदम डॉक्टरी थाटात. हा सरळ कचऱ्यात टाका. असल्या पंपांची माणसांवर खोटं विष टोचून चाचणी झालीय, २००४ मध्ये छापून आली, विषाचा जेमतेम ०.०४ टक्के भाग बाहेर आला आणि जे आलं ते मुख्यतः रक्ताळ पाणी. चिरायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही, बर्फ नाही. अंगठी घड्याळ काढायचं, हात किंवा पाय फळी लावून स्थिर ठेवायचा, माणसाला चालवायचं नाही, आणि गाडी जिथे अँटिव्हेनम, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध मिळेल तिकडे. म्हणून निघायच्या आधी सगळ्यात जवळचं मोठं हॉस्पिटल कुठे आणि किती तास हे कागदावर लिहून ठेवा, फोनला रेंज नसते.

चंदेरी ब्लँकेट चार आहेत, तेच ते नासासाठी १९६४ च्या आसपास निघालेलं पातळ चकचकीत प्लॅस्टिक. रात्री पांघरायला मला तरी जमलं नाही, कूस बदलली की चिप्सचं पाकीट फोडल्यासारखा आवाज आणि आतून दमटपणा. पण दिवसा ताडपत्रीच्या वर वितभर फट सोडून बांधलं तर खालची सावली खरंच थंड होते, दोन थरांमधून हवा खेळते ना. रात्रीसाठी जाड स्लीपिंग बॅग आणि मुख्य म्हणजे अंगाखाली चांगली मॅट स्वतःची न्या. हवेत बाष्प नाही, वर ढग नाहीत, दिवसभराची ऊब सूर्य गेल्यावर सरळ आकाशात निघून जाते आणि मग पहाटे जमीन खालून पाठ खाते. किटमधली मॅट पेपरच्या घडीएवढी आहे. वहिनीने तिच्यावर भाजी चिरली, त्या कामाला बरी आहे.

आता कौतुक. आरसा आणि शिट्टी, दोन्ही एक नंबर. आरसा हातात मावेल एवढा, मध्ये भोक, दुसऱ्या हाताची दोन बोटं पुढे धरून बोटांच्या मधल्या जागेत लक्ष्य धरायचं आणि उजेडाचा ठिपका बोटांवर नाचवायचा. आम्ही टेस्ट केली, दादाचा मित्र गाडी घेऊन चार किलोमीटर लांब गेला, मी टेकडीवरून आरसा मारला, त्याने लगेच हेडलाइट मारून उत्तर दिलं. परत येऊन म्हणाला वेल्डिंग चालू असल्यासारखं दिसत होतं. १९९४ मध्ये सहारातल्या मॅरेथॉनमध्ये मावरो प्रोस्पेरी नावाचा इटालियन धावपटू वाळूच्या वादळात वाट चुकला, त्याने हेलिकॉप्टर बघून फ्लेअर (इशाऱ्याचं जळतं रॉकेट) उडवला तो पायलटला दिसलाच नाही, मग नऊ-दहा दिवस भटकत गडी मोरोक्कोतून थेट अल्जीरियात निघाला. फ्लेअर एकदा उडाला की गेला, आरसा सूर्य आहे तोवर कितीही वेळा मारा. शिट्टी तीनदा, थांबून परत तीनदा, तीन म्हणजे मदत पाहिजे. ओरडून घसा कोरडा करण्यापेक्षा कधीही बरं.

पण बॅगेवर मोठ्या अक्षरात "एसओएस सिस्टिम" लिहिलंय ती म्हणजे लुकलुकणारी टॉर्च आहे, फसू नका. खरी सिस्टिम म्हणजे ४०६ मेगाहर्ट्झचा बीकन, सॅटेलाइटला मदतीचा सिग्नल पाठवणारं उपकरण, तो आमच्याकडे मित्राचा होता. कुणी जुना १२१.५ वाला स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, १ फेब्रुवारी २००९ पासून सॅटेलाइट त्याच्याकडे ऐकतच नाहीत. आणि जिथे जाताय तिथे असली उपकरणं बाळगायला परवानगी लागते का ते आधी बघा, काही देशांत सॅटेलाइट फोनवरून माणसं आत गेलीत. बिनपैशाची सिस्टिम म्हणजे घरी कुणाला तरी रस्ता आणि परतीची वेळ सांगून जाणे, आम्ही आईला सांगितलं होतं की रविवारी रात्री आठपर्यंत फोन आला नाही तर काय करायचं. आई सहालाच फोन लावत बसली ती गोष्ट वेगळी.

पॉवर बँक मी दुपारी डॅशबोर्डवर विसरले, ती तापून आपोआप बंद पडली, संध्याकाळी थंड झाल्यावर जागी झाली, यात किटचा दोष नाही. गॅसचा डबा मात्र कधी तसा ठेवू नका, त्याच्यावरच लिहिलेलं असतं ५० डिग्रीच्या वर नको आणि उन्हात बंद गाडी ५० कधीच ओलांडते.

गाडीसाठी किटमध्ये एक टो दोरी आहे. दोरी ओढायला दुसरी गाडी लागते हे कुणीतरी त्यांना सांगा. तिसऱ्या दिवशी रुतलोच आम्ही, ॲक्सिलरेटर दिला तसं चाक अजून खाली. बाहेर पडलो ते टायरची हवा १६ पीएसआयवर आणून आणि चाकाखाली मित्राच्या फळ्या सरकवून, वीस मिनिटांत. ही आयडिया शंभर वर्षं जुनी आहे, बॅग्नोल्ड नावाचा ब्रिटिश लष्करातला इंजिनिअर १९२०-३० च्या काळात लिबियाच्या वाळवंटात साध्या फोर्ड गाड्या घेऊन असाच फिरायचा, टायर नरम, चाकाखाली लोखंडी पट्ट्या, आणि रेडिएटरची वाफ पण डब्यात धरून परत पाणी करायचा. त्या माणसाने हे किट बघितलं असतं तर काय म्हणाला असता. फावडं, फळ्या आणि हवा परत भरायचा छोटा पंप एवढं स्वतःचं घेऊन जा.

माझे ५ पैकी अडीच स्टार. आरसा, शिट्टी, यूव्ही टॉर्च आणि त्या बेनाव थैल्या यांचे ते अडीच. पाण्याच्या कॅनचा एक स्टार कापला नाही, तीन कापले असते पण मग खाली काही उरत नाही.

कंपनीने पहिल्या मेलला उत्तर दिलं की कॅन "सपाट आणि स्वच्छ जागेवर" वापरावा. वाळवंटात. मग मी काळ्या वाळूचा फोटो पाठवला, किड्यांसकट, तेव्हा काल कुरिअरने नवीन तोटी आली, वॉशर आधीपेक्षा जाड आहे. रात्री कॅन काठोकाठ भरून, वॉशरला मुद्दाम चिमूटभर वाळू लावून बेसिनपाशी आडवा ठेवला आणि खाली ताटली. सकाळी ताटलीत सात थेंब होते. मोजले मी. तिसरा मेल लिहायला घेतलाय.